कमल, कलम आणि कार्बन

मी बी.ए. झालेला माणूस. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेतच सुटला. मुलगी ‘नीट’च्या तयारीला बसली आणि सेंद्रिय रसायनातल्या पानोपानीच्या अभिक्रिया पाहून रडकुंडीला आली. मी माझ्या अनुभवाचा सल्ला दिला, “मोठ्याने म्हण. कविता पाठ होते, तशा याही होतील.” तिने महिनाभर तसेच केले. सराव परीक्षेत निम्मे प्रश्न चुकले. बरोबर उत्तराला चार गुण, चुकले की एक वजा! “अब्बा, मला सगळं पाठ होतं,” एवढेच ती म्हणाली. सल्ला माझा होता, म्हणून मीही तिच्याबरोबर पुस्तक उघडून बसलो.

तेव्हा उमगले, ही एक भाषा आहे. ‘कमल’ आणि ‘कलम’ यांत अक्षरे तीच, पण एक तळ्यात फुलते, दुसरे कागदावर चालते. इथेनॉल आणि डायमिथाइल इथर या दोघांतही दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. फक्त जुळणी वेगळी. इथेनॉल हा ७८ अंश सेल्सिअसला उकळणारा द्रव, तर ते इथर साध्या तापमानाला वायू. यालाच समघटकता म्हणतात. म्हणून आधी नामकरण आणि समघटकता पक्की करावी. ही झाली बाराखडी.

मग व्याकरण. इलेक्ट्रॉन जिथे विपुल, तिथून ते उणीव असलेल्या जागी जातात. पुस्तकातले वाकडे बाण हाच प्रवास दाखवतात. प्रोपीनवर हायड्रोजन ब्रोमाइडची क्रिया घ्या. दुहेरी बंधातल्या ज्या कार्बनकडे हायड्रोजन जास्त, त्यालाच नवा हायड्रोजन मिळतो. हा मार्कोव्हनिकॉव्ह यांचा नियम. पाठांतर इथे थांबते. पण असे का? हायड्रोजन जुळला की दुसऱ्या कार्बनवर धनप्रभार येतो. त्याच्या शेजारी कार्बन जितके अधिक, तितका तो भार वाटला जातो आणि तो टिकतो. ब्रोमीन तिथेच जाऊन बसतो.

आता त्यात पेरॉक्साइड घाला. या वेळी ब्रोमीनचा सुटा अणू आधी येतो आणि टोकाचा कार्बन धरतो. उत्तर उलटे! हायड्रोजन क्लोराइड घेतले, तर मात्र पेरॉक्साइड असूनही नियम पहिलाच. परीक्षक नेमके इथेच बोट ठेवतो. कारण समजलेला मुलगा तरतो, पाठ केलेला फसतो.

आम्ही मग क्रम ठरवला. अकरावीचे मूलभूत प्रकरण संपल्याशिवाय बारावीच्या अल्कोहोल, अल्डिहाइड, अमाइनला हात लावायचा नाही. रोज चार-पाच अभिक्रिया वही मिटून, बाणांसह लिहायच्या. एन.सी.ई.आर.टी.चे पुस्तक ओळ न् ओळ वाचायचे आणि त्यातले प्रश्न सोडवायचे. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायच्या. चुकांची वेगळी वही ठेवायची. त्यात ‘काय चुकले’ याबरोबर ‘का चुकले’ हेही लिहायचे. पाठांतर हवेच, अभिकारकांची नावे पाठच करावी लागतात. पण ते समजुतीच्या मागून यावे.

पुढच्या सराव परीक्षेत तिचे दोन-तीनच प्रश्न चुकले. निकालाचे काय व्हायचे ते होईल. परवा मात्र तिनेच मला विचारले, “अब्बा, हा बाण इकडेच का वळला, सांगा बरं?” मला सांगता आले नाही. तिने मला समजावून दिले.