कुऱ्हाडीचे बळ

गोदावरीच्या खोऱ्यातील सोनपेठच्या परिसरात बाभळीचे ओंडके कुऱ्हाडीने फोडतात. तिचे बळ कशात असते? केवळ कठीण पोलादात नव्हे. लोखंडात कर्ब फार थोडा असेल, तर धार वळते. फार असेल, तर ती तडकते. म्हणून लोहार पुष्कळदा मोटारीच्या मोडक्या कमानपाट्याचे पोलाद निवडतो. त्यात कर्ब शेकडा अर्ध्याहून किंचित अधिक असतो. पाते लाल तापवून तो फक्त धारेस पाणी देतो आणि मग बेताचा शेक देऊन तिचा ठिसूळपणा घालवितो. मागील भाग मऊ राहून घावाचा हादरा सोसतो.

दुसरे बळ दांड्याचे. तो बाभळीच्या किंवा धावड्याच्या वाळलेल्या, सरळ रेषांच्या लाकडाचा असावा. ओले लाकूड पुढे आकसते व पाते सैल होते. दांडा खालून घातला, तर वरून पाचर ठोकतात; तिने लाकूड फुलून भोकात आवळते. टिकावाचा दांडा मात्र वरून ओवतात. त्याचे जाड टोक भोकात अडकते व फटक्यासरशी पाते अधिकच घट्ट बसते. अमेरिकेतील टोमाहॉक नावाच्या हलक्या कुऱ्हाडीचीही रीत हीच.

पोलाद कितीही उत्तम असो, निसटलेले पाते जवळच्या माणसाचा घात करते. म्हणून कुऱ्हाड उचलण्यापूर्वी धारेआधी दांडा पाहावा.