समुद्राचा पाहुणा घाटावर येतो तेव्हा...

कोल्हापूरला समुद्र नसला, तरी समुद्राचे मासे कोल्हापूरकरांना नवे नाहीत. रत्नागिरीहून आंबा घाटाने आणि मालवणच्या बाजूने गगनबावड्याच्या घाटाने बर्फात घातलेले बांगडे नि सुरमई वर्षानुवर्षे शहरात येत आहेत. बर्फातल्या माशाला प्रवासाची फिकीर नसते. खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाळण्यासाठी आणलेल्या जिवंत माशाचे मात्र तसे नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरच्या या शहरात त्याचा समुद्र म्हणजे दिवाणखान्यातली काचेची पेटी. त्या पेटीत त्याचा प्रवेश कसा होतो, यावर त्याचे जगणे-मरणे पुष्कळसे अवलंबून असते.

जिवंत समुद्री माशांची ओढ मराठी घरांत जुनीच आहे. १९५१ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने ती अनेकांना लावली. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या रत्नागिरीतील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय पाहून परतणारी मुले आजही घरी तसाच मासा मागतात. २००३ मध्ये ‘फाइंडिंग नेमो’ हा चित्रपट आला आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउन फिश घरोघरी ओळखीचा झाला. हौशीने आणलेला असा मासा दोन-चार दिवसांत दगावला, की दोष दुकानदाराला दिला जातो. पुष्कळदा खरे कारण घरी आल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत दडलेले असते.

पाण्यात राहून तहानलेला

गप्पी किंवा गोल्डफिश पाळणाऱ्यांना पिशवी थोडा वेळ टाकीत तरंगवून मासा सोडून देण्याची सवय असते. खाऱ्या पाण्यात एवढ्याने भागत नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. समुद्री माशाच्या रक्तातील क्षार साधारण त्याच्या एक तृतीयांश असतात. त्यामुळे त्याच्या शरीरातले पाणी कल्ल्यांवाटे सतत बाहेर ओढले जाते. ही तूट भरून काढण्यासाठी मासा समुद्राचे पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. हा व्यवहार अखंड चालू असतो. पाणी अचानक अधिक खारे झाले, तर तो कोलमडतो आणि मासा पाण्यात असूनही कोरडा पडू लागतो.

नेमके हेच अनेकदा घडते. मिठाचा खर्च आणि परोपजीवींचा उपद्रव कमी व्हावा म्हणून दुकानातील टाक्यांत पाणी थोडे सौम्य ठेवण्याची पद्धत आहे. तिथले विशिष्ट गुरुत्व १.०२० असेल आणि घरच्या टाकीतले १.०२५, तर दर लिटरमागे सहा-सात ग्रॅम क्षारांचा फरक पडतो. कमी खाऱ्या पाण्यात जाणे मासा बऱ्यापैकी सोसतो. उलट दिशेचा धक्का त्याला जड जातो. म्हणून मासा घेताना दुकानातील पाण्याचे विशिष्ट गुरुत्व आवर्जून विचारावे आणि घरी रिफ्रॅक्टोमीटरने पडताळून पाहावे.

पिशवीतील रसायन

दुसरा धोका पिशवीत असतो. बंद पिशवीत मासा श्वास घेतो, उत्सर्जनही करतो. पाण्यात कार्बन डाय-ऑक्साइड आणि अमोनिया दोन्ही साठतात. कार्बन डाय-ऑक्साइडमुळे पाण्याचा सामू खाली येतो आणि सामू कमी असल्याने बराचसा अमोनिया कमी विषारी स्वरूपात राहतो. एका घाणीने दुसरीला आवर घातलेला असतो! पिशवी उघडताच वायू निघून जातो, सामू चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा पाण्यात माशाला तासभर ‘सवय’ लावत बसणे म्हणजे हळूहळू विष पाजणे होय.

दोन प्रवास, दोन रीती

म्हणूनच मासा किती वेळ पिशवीत होता, हे आधी पाहावे. शहरातल्याच दुकानातून अर्ध्या तासात घरी आणला असेल, तर पिशवी न उघडता १५ ते २० मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी, म्हणजे तापमान जुळते. नंतर मासा पिशवीतल्या पाण्यासह स्वच्छ बादलीत घ्यावा आणि सलाईनच्या नळीने टाकीतले पाणी सेकंदाला दोन-तीन थेंब या वेगाने त्यात सोडावे. पाणी दुप्पट-तिप्पट झाले, की मासा टाकीत न्यावा. पिशवीतले पाणी मात्र टाकीत ओतू नये.

मुंबईहून रात्रभराच्या प्रवासाने मासा आणला असेल, तर थेंब-थेंब पद्धत टाळावी. दुकानातल्या पाण्याइतकेच विशिष्ट गुरुत्व असलेली वेगळी टाकी आदल्या दिवशीच तयार ठेवावी. बंद पिशवी तरंगवून तापमान जुळवावे, पिशवी उघडावी आणि मासा लगेच त्या टाकीत सोडावा. मग रोज ०.००१ ते ०.००२ इतकीच वाढ करत पाच-सहा दिवसांत क्षारता घरच्या टाकीइतकी आणावी. कोल्हापूरच्या हिवाळी रात्री गार असतात, तेव्हा पिशवी थर्मोकोलच्या पेटीतूनच आणावी. कोळंबी, तारामासा यांसारख्या जिवांना क्षारांचा बदल माशांहूनही कमी सोसतो. त्यांच्या बाबतीत अधिकच सावकाशी हवी.

महिनाभराचा विलगवास

नव्या माशाला एकदम मुख्य टाकीत न सोडण्याचे आणखी एक कारण आहे. ‘पांढरे ठिपके’ या रोगाचा परोपजीवी अंगावर दिसत नसतानाही माशासोबत येतो, नंतर टाकीच्या तळाशी पडून वाढतो आणि सगळ्या माशांना ग्रासतो. म्हणून किमान चार आठवडे मासा वेगळ्या टाकीत ठेवावा. तांबेयुक्त औषध द्यायचे झाल्यास तेथेच द्यावे. मुख्य टाकीतील कोळंबी-शंखांना ते मारक ठरते. पहिला दिवस दिवे मंद ठेवावेत आणि खाऊ घालण्याची घाई करू नये.

अर्थात, टाकीच तयार नसेल, तर हे सारे व्यर्थ. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आणि स्वयंपाकाचे मीठ, दोन्ही येथे चालत नाहीत. आरओचे पाणी आणि मत्स्यालयासाठी बनवलेले कृत्रिम सागरी मीठच वापरावे. अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याखेरीज मासा आणूच नये.

एवढा खटाटोप का करायचा? बहुतेक समुद्री शोभिवंत मासे आजही प्रवाळांच्या आसऱ्यातून पकडूनच बाजारात येतात. दगावलेल्या प्रत्येक माशाच्या जागी दुसरा मासा समुद्रातूनच काढला जातो. क्लाउन फिशच्या कृत्रिम प्रजननाचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केले आहे. शक्य तेथे असा पैदास केलेला मासाच निवडावा. समुद्रघोडा आणि प्रवाळ यांना २००१ पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा त्यांचा मोह टाळलेलाच बरा. घाट चढून आलेल्या पाहुण्याला पहिला महिना सांभाळले, तर क्लाउन फिश दहा वर्षेही सोबत करू शकतो.