तळाला भोके असलेली होडी

होडीच्या तळाला भोक पडले की होडी बुडते, हे लहान मुलालाही ठाऊक असते. मग मुद्दाम तळाला आठ-दहा भोके ठेवलेली होडी कोणी विकत का घ्यावी? तारकर्ली-देवबागला किंवा गोव्यात गेलेल्यांनी अशा होड्या पाहिल्या असतील. पिवळ्या, नारिंगी, केळीच्या आकाराच्या. माणूस होडीच्या आत बसत नाही, तिच्या वर बसतो आणि दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने ती वल्हवतो. हे एक प्रकारचे कयाक. आपल्याकडे ते पर्यटकांना तासावर भाड्याने मिळते. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये मात्र गळाने मासे धरण्याचा छंद असलेली माणसे ते विकत घेतात, त्याला गळाच्या काठ्या अडकवायच्या खोबणी असतात, माशांची पेटी ठेवायला मागे खोलगट जागा असते. असे कयाक निवडताना पडणारा प्रत्येक प्रश्न शेवटी आठवी-नववीच्या विज्ञानाशी येऊन थांबतो, म्हणून या लेखात ते निवडायला बसू या.

मूळ कयाक आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट लोकांचे. वाहून आलेली लाकडे आणि हाडे यांचा सांगाडा, त्यावर ताणून शिवलेले सीलचे कातडे. त्यात शिकारी कमरेपर्यंत आत बसे आणि अंगावरचा कातडी सदरा होडीच्या तोंडाला घट्ट बांधून घेई. बर्फाळ पाण्यात पडणे म्हणजे मरणच. म्हणून उलटले तरी बाहेर न पडता वल्ह्याच्या झटक्याने पुन्हा सरळ व्हायचे, ही त्यांची विद्या होती. वर बसायच्या कयाकचा विचार याच्या नेमका उलट आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातील मालिबूच्या किनाऱ्यावर टिम नीमियर या तरुणाने लाटांवर घसरायच्या फळीत बसण्यापुरता खळगा केला आणि त्यातून ही होडी पुढे आली. उलटलात तर पडा, आणि पुन्हा चढून बसा.

आता भोकांकडे वळू. ही होडी म्हणजे सर्व बाजूंनी बंद असलेला पोकळ डबा आहे. गच्चीवरच्या काळ्या पाण्याच्या टाक्या ज्या रीतीने करतात त्याच रीतीने ती होते. पोकळ साच्यात पॉलिथिनची भुकटी घालून साचा भट्टीत दोन अक्षांभोवती फिरवत ठेवतात. वितळलेले प्लास्टिक आतल्या भिंतींना सारखे चिकटते आणि एकसंध कवच तयार होते. भोके या डब्याच्या आत उघडत नाहीत. वरच्या पृष्ठभागापासून तळापर्यंत आरपार गेलेल्या त्या नळ्या आहेत. बसायची जागा बाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा काही सेंटिमीटर वर असते. लाटेचे पाणी तिथे आले की नळीतून खाली वाहून जाते, कारण जोडलेल्या भांड्यांत पाणी एकाच पातळीला येते.

हे वर्गात सहज दाखवता येईल. दूरचित्रवाणी संचाच्या खोक्यातून निघालेला ५ सेंमी जाडीचा थर्मोकोलचा तुकडा घ्या, २० सेंमी रुंद, ३० सेंमी लांब. मधोमध २ सेंमी खोल खळगा करा, त्यातून आरपार भोक पाडून शीतपेयाची नळी बसवा. बादलीऐवजी पसरट टबात तरंगवा आणि खळग्यात पाणी ओता. पाणी निघून जाईल. मग कडेने सारखी वजने ठेवत चला. किती वजनाला नळीतून पाणी उलट वर येऊ लागेल, हे मुलांना आधी काढायला सांगा. २० × ३० × ३ म्हणजे १८०० घन सेंमी, तेव्हा १.८ किलोच्या सुमारास.

खऱ्या कयाकचेही असेच गणित. समजा कयाक ३० किलो, माणूस ७५ किलो आणि सामान १५ किलो, म्हणजे एकूण १२० किलो. गोड्या पाण्यात ते १२० लिटर पाणी बाजूला सारील, समुद्रात सुमारे ११७ लिटर. पाण्याच्या पातळीवर होडीचा आकार ३.४ मीटर लांब, ०.७ मीटर रुंद असा लंबवर्तुळ धरला तर क्षेत्रफळ १.८७ चौरस मीटर येते. म्हणजे दर १८-१९ किलो वाढीव वजनामागे ती १ सेंमी खाली जाईल. बसायची जागा पाण्यापासून ४ सेंमी वर असेल तर ७५ किलोच्या आसपास जादा भार टाकताच भोकांतून पाणी वर येईल. विक्रेत्याच्या पत्रकात दिलेली भारक्षमता बहुधा या टोकाच्या जवळची असते. आम्ही तिच्या दोन-तृतीयांशाहून अधिक भार धरणार नाही. भोकांना बुचे मारून बूड कोरडे ठेवणारे लोक असतात. शांत तळ्यात ते ठीक, पण लाटांत बुचे असली तर आलेले पाणी जायला वाट राहत नाही.

आता रुंदी. दुकानात सर्वांत आधी विचारले जाते ते, ‘हलत तर नाही ना?’ होडी एका बाजूला कलली की पाण्यातल्या भागाचा आकार बदलतो आणि उत्प्लावक बल ज्या बिंदूतून वर लागते तो बिंदू कललेल्या बाजूला सरकतो. तिथून उभी रेषा काढा. ती होडीच्या मध्यरेषेला जिथे छेदते त्या बिंदूला मेटासेंटर म्हणतात. होडी त्या बिंदूला झोपाळ्यासारखी टांगली आहे असे समजा. गुरुत्वमध्य त्याच्या खाली असेल तर होडी परत सरळ होते, वर असेल तर उलटते.

हा बिंदू किती उंचावर असेल? उत्प्लावन केंद्रापासूनची त्याची उंची काढायला पाण्याच्या पातळीवरील आकाराचे जडत्वाघूर्ण घेऊन त्याला बाजूला सारलेल्या पाण्याच्या घनफळाने भागतात. लंबवर्तुळासाठी जडत्वाघूर्ण म्हणजे लांबी गुणिले रुंदीचा घन गुणिले ०.०४९. आपल्या होडीसाठी उत्तर ०.४८ मीटर. उत्प्लावन केंद्र तळापासून ६ सेंमी धरले तर मेटासेंटर ५४ सेंमीवर. बसलेल्या माणसासकट सर्वांचा गुरुत्वमध्य तळापासून साधारण ३२ सेंमीवर येतो. छान, २२ सेंमीची शिल्लक आहे. तोच माणूस उभा राहिला तर त्याचा स्वतःचा गुरुत्वमध्य ११० सेंमीच्या आसपास जातो आणि सर्वांचा मिळून ७५ सेंमीवर. मेटासेंटर ५४ वर, गुरुत्वमध्य ७५ वर. उभा राहणारा पडणारच, मग त्याचा तोल कितीही चांगला असो.

उभे राहून गळ टाकायचा असेल तर रुंदी वाढवायला हवी. रुंदीचा घन असल्यामुळे थोड्या वाढीने बरेच साधते. रुंदी ७० वरून ८० सेंमी केली की मेटासेंटर ७७-७८ सेंमीवर जातो, म्हणजे जेमतेम. उभे राहण्यासाठी म्हणून विकली जाणारी कयाके ८५ ते ९२ सेंमी रुंद का असतात, ते येथे कळते. आपले आकडे ढोबळ आहेत, पण कारखानदारही शेवटी याच ठिकाणी पोहोचले आहेत. कोकणातल्या होडीवाल्याने हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला. त्याने होडी अरुंदच ठेवली आणि दोन आडव्या लाकडांच्या टोकाला उलांडी बांधली. पाण्यावरचा पसारा वाढला, होडी वल्हवायला हलकी राहिली.

तर मग सर्वांत रुंद कयाक सर्वांत सुरक्षित? इथेच बहुतेक खरेदीदार फसतात. रुंद, सपाट तळ पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर राहू पाहतो. पाणी आडवे आहे तोवर हे उत्तम, पण बाजूने लाट आली आणि पृष्ठभागच तिरपा झाला तर होडीही तितकीच तिरपी होते. किंचित गोलसर तळाची, थोडी अरुंद होडी दुकानाजवळच्या तळ्यात डुगडुगल्यासारखी वाटते; लाटेत मात्र ती खालून पाणी जाऊ देते आणि माणूस कमरेतून तोल सांभाळू शकतो. पहिल्या पाच मिनिटांत वाटणारी स्थिरता आणि लाटेतली स्थिरता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय उलटी पडलेली रुंद होडीही तितकीच स्थिर असते, हे पत्रकात कोणी लिहीत नाही. ९० सेंमी रुंद, ४५ किलोची होडी पाण्यात पोहत असताना एकट्याने सुलटी करणे सोपे नाही.

लांबीचा संबंध वेगाशी. चालती होडी स्वतः लाट उठवते. खोल पाण्यातल्या लाटेचा वेग तिच्या लांबीच्या वर्गमुळाच्या १.२५ पट असतो (मीटर आणि सेकंदात). लाटेची लांबी होडीएवढी झाली की होडी स्वतःच्याच लाटेच्या खळग्यात अडकते. ३ मीटरच्या होडीला ही मर्यादा ताशी ७.८ किमीला येते, ४.२ मीटरच्या होडीला ताशी ९.२ किमीला. रमतगमत वल्हवणारा ताशी ५ किमीच जातो, पण वाऱ्याविरुद्ध परतताना जोर लावायची वेळ येते तेव्हा हा फरक हाताला जाणवतो. लांब होडी सरळही चालते. नदीत मात्र नेमके उलटे हवे. खडकांमधून वळायचे तर २.७ ते ३.२ मीटर लांबीची, दोन्ही टोके किंचित वर उचललेली होडी चटकन फिरते.

दोन्ही ठिकाणचे धोकेही सारखे नाहीत. खुल्या समुद्रात वारा हा धोका. सकाळचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. जाताना वाटते, वा, किती भरभर चाललो! वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, आणि उंच बसलेला माणूस म्हणजे शीडच. दुपारचा खारा वारा आपल्याला परत आणील या भरवशावर कोणी राहू नये. समुद्रासाठी ३.९ ते ४.३ मीटर लांब, ७० ते ७५ सेंमी रुंद आणि सुकाणू असलेली होडी घ्यावी. नदीत प्रवाह हा धोका. ताशी ५ किमीने वल्हवणारा ताशी ५ किमीच्या प्रवाहात जागच्या जागी राहतो. कुंडलिकेसारख्या नदीत वीजनिर्मितीचे पाणी सोडले की पातळी आणि वेग दोन्ही बदलतात. मासे धरणाऱ्याला एका जागी थांबायचे असते, म्हणून तो नांगर टाकतो, आणि नदीतले अनेक अपघात इथे होतात. नांगराची दोरी होडीच्या बाजूला बांधली तर प्रवाह होडीला आडवी करून दोरीच्या बाजूने खाली खेचतो. दोरी टोकालाच बांधायची, एका झटक्यात सुटेल अशा गाठीने, आणि सुरी हाताशी. जोराच्या प्रवाहात नांगर टाकूच नये.

नदीही हवी आणि खाडीही, पण पैसे एकाच होडीचे, असे असेल तर आम्ही ३.६ मीटर लांब, ७५ सेंमीच्या आसपास रुंद होडी घेऊ आणि उभे राहण्याचा मोह सोडू. पायाने चालवायची कयाके १९९७ पासून मिळू लागली. पाण्याखाली पेंग्विनच्या पंखांसारखी दोन पाती हलतात आणि गळासाठी हात मोकळे राहतात. पण त्यांची किंमत फार आणि उथळ नदीत पाती खडकावर आपटतात.

जुनी होडी घेत असाल तर भोकांच्या नळ्यांच्या कडा आधी पाहा. किनाऱ्यावर होडी फरफटत नेली की तिथेच तडे जातात आणि बंद डब्यात पाणी शिरते. वरून काही दिसत नाही. आत २० लिटर पाणी असेल तर होडी कलताच ते सगळे कललेल्या बाजूला धावते. अर्धी भरलेली बाटली आणि पूर्ण भरलेली बाटली आडवी धरून हलवली की मुलांना हे लगेच समजते. शक्य असेल तर पैसे देण्यापूर्वी होडी कमरेएवढ्या पाण्यात न्या. सामानाच्या वजनाइतके पाण्याचे कॅन तिच्यावर बांधा, जीवरक्षक जाकीट घाला आणि मुद्दाम उलटवा. मग सुलटी करून आडवे पोटावर चढा, पाय पाण्यात मारत छाती पलीकडे न्या, कूस बदलून बसा. पाय जमिनीला न टेकवता तीनदा जमले, तर ती होडी तुमच्या मापाची आहे.