वाऱ्याच्या हाती वेळापत्रक
ग्रीक बेटांचा बोटप्रवास

अथेन्सजवळच्या पिरियस बंदरात सकाळी सातच्या सुमारास गेले तर सुट्टीच्या दिवसातल्या एस. टी. स्टँडसारखी लगबग दिसते. बोटीचा मागचा अजस्र दरवाजा धक्क्यावर उतरतो आणि मालट्रक, मोटारी, बॅगा ओढणारी माणसे आत शिरू लागतात. वाहने खालच्या मजल्यावर राहतात, प्रवासी जिने चढून वर जातात. उशीर करणाऱ्यासाठी बोट थांबत नाही.

ग्रीसच्या हजारो बेटांपैकी सुमारे २२७ बेटांवर माणसांची वस्ती आहे. विमानतळ त्यातल्या थोड्याच बेटांवर. बाकीच्यांचे पीठ, औषधे, सिमेंट, टपाल सारे बोटीनेच येते. पर्यटकाला जी सफर वाटते, ती बेटावरच्या माणसाची जीवनवाहिनी असते.

आपले पर्यटक बहुधा सिक्लाडीस बेटांवर जातात. पारोस, नाक्सोस, मिकोनोस, सांतोरिनी ही त्यातली प्रसिद्ध नावे. पवित्र डेलोस बेटाभोवतीचे वर्तुळ म्हणून हे नाव पडले. मुळातला ‘किक्लोस’ हा ग्रीक शब्द आणि मराठी-कन्नड दोन्हींत रुळलेला ‘चक्र’ हे भाषाशास्त्रानुसार एकाच कुळातले!

पिरियसहून मोठ्या बोटीने नाक्सोसला साधारण पाच ते सहा तास लागतात, सांतोरिनीला आठच्या आसपास. वेगवान कॅटामरान लवकर पोहोचवते, पण तिकीट महाग, बसणे बंद दालनात आणि लाटांचे हेलकावेही जास्त. सोबत वयस्कर मंडळी किंवा मुले असतील तर मोठी बोटच बरी. डेकवर मोकळी हवा मिळते. शाकाहाऱ्यांना बोटीवरच्या उपाहारगृहात पालक भरलेली ‘स्पानाकोपिता’ बहुतेक वेळा मिळते.

मात्र या प्रवासाचा खरा मालक वारा. जुलै-ऑगस्टमध्ये, ऐन पर्यटनाच्या दिवसांत, उत्तरेकडून ‘मेल्तेमी’ वारे सुटते. आकाश निरभ्र, ऊन लख्ख, आणि समुद्र खवळलेला! वाऱ्याचा जोर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की बंदराचे अधिकारी बोटी सोडण्यास मनाई करतात. कॅटामरान मोठ्या बोटींच्या आधी बंद होतात. अशा वेळी धक्क्यावर कुरकुरणारे पर्यटक दिसतात. बेटावरची माणसे मात्र निमूटपणे घरी परततात. समुद्र काय करू शकतो हे त्यांना ठाऊक असते. २६ सप्टेंबर २००० च्या रात्री ‘एक्स्प्रेस सामिना’ ही बोट पारोसजवळ खडकावर आदळून बुडाली आणि ८० हून अधिक माणसे दगावली.

हिवाळ्यात पर्यटक ओसरतात, बोटीही कमी होतात. ज्या मार्गांवर कंपन्यांना फायदा नाही, तिथे सरकार अनुदान देऊन बोटी चालवते. ग्रीक लोक या मार्गाला ‘वांझ मार्ग’ म्हणतात. नाव कठोर, पण त्याच मार्गावर लहान बेटांची वस्ती टिकून आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सांतोरिनीला भूकंपांच्या मालिकेने हादरवले, तेव्हाही हजारो लोक बोटींनी आणि विमानांनी बेट सोडून गेले.

म्हणून जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. एका आठवड्यात दोन, फार तर तीन बेटे पुरेत. परतीच्या विमानाच्या आदली रात्र अथेन्समध्येच काढावी. बेटावरून थेट विमान गाठण्याचे धाडस करू नये. वाऱ्यामुळे फेरी रद्द झाली तर पैसे परत मिळतात किंवा पुढच्या बोटीत सोय होते, पण मुक्कामाचा खर्च देण्याचे बंधन कंपनीवर नसते. तेवढी रक्कम वेगळी काढून ठेवावी.

आणि बोट अडकलीच, तर तो दिवस वाया गेला असे समजू नये. बंदरावरच्या कॉफीच्या दुकानात बसावे. शेजारच्या टेबलावरचे आजोबाही त्याच बोटीची वाट पाहत असतात, फरक इतकाच की त्यांना घाई नसते.