पंप, स्टेरॉईड आणि दम्याची नाहक भीती

‘डॉक्टर, गोळी द्या, सिरप द्या, पण पंप नको.’ दम्याचे रुग्ण तपासणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने हे वाक्य ऐकलेलं असतं. पंप म्हणजे दम्याची शेवटची पायरी आणि एकदा लागला की जन्मभर सुटत नाही, अशी पक्की समजूत त्यामागे असते. लग्नाच्या वयाची मुलगी असेल तर घरचे पंप कपाटात दडवून ठेवतात, पाहुण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून. या भीतीपायी माणसं जिवाला मुकतात, म्हणून ती नीट तपासून बघायला हवी.

आधी साधा हिशोब करू. साल्ब्युटामॉल हे आवळलेल्या श्वासनळ्या सैल करणारं औषध. त्याची नेहमीची गोळी 4 मिलिग्रॅमची असते आणि पंपाच्या एका फवाऱ्यात ते 100 मायक्रोग्रॅम असतं. म्हणजे एका गोळीत 40 फवाऱ्यांइतकं औषध झालं. गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून अंगभर जाते, म्हणून हात थरथरतात, छातीत धडधडतं. फवारा थेट श्वासनळीत पोहोचतो आणि काही मिनिटांत काम करतो. स्टेरॉईडचंही तसंच आहे. दम उसळला की प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दिवसाला 40 मिलिग्रॅमपर्यंत दिल्या जातात, तर ब्युडेसोनाईडच्या एका फवाऱ्यात 200 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी औषध असतं. दोन्ही औषधं वेगळी, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही. तरीही ‘पंपाचं औषध फार कडक’ म्हणणाऱ्यांनी हे आकडे एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

पण सगळ्यात घातक गैरसमज हा नव्हे. ‘पंप मारला, मोकळं वाटलं, म्हणजे दमा आटोक्यात आहे’ हा खरा घातक गैरसमज, आणि तो पंप वापरणाऱ्यांमध्येच जास्त आढळतो. दम्यात श्वासनळीच्या आतल्या अस्तराला सूज असते. धुळीतले बारीक किडे, परागकण, बुरशी, धूर, साधी सर्दी अशा गोष्टींवर प्रतिकारशक्ती गरजेपेक्षा जास्त चवताळते. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात, चिकट कफ साचतो, नळीभोवतीचे स्नायू आवळले जातात. साल्ब्युटामॉल फक्त स्नायू सैल करतं, सुजेला हातही लावत नाही. छप्पर गळत असताना खालची बादली तेवढी रिकामी करत राहावं, तसं हे होतं. सूज उतरवायची तर श्वासावाटे घ्यायचं स्टेरॉईडच लागतं.

याची किंमत न्यूझीलंडने मोजली आहे. तिथे 1976 साली फेनोटेरॉल नावाच्या औषधाचा जोरदार पंप बाजारात आला. तोही श्वासनळी मोकळी करणाराच. रुग्ण खूश होते. त्याच सुमारास दम्याने होणारे मृत्यू मात्र झपाट्याने वाढले, त्यात तरुण माणसंही होती. 1989 मध्ये वेलिंग्टनच्या संशोधकांनी या मृत्यूंचा आणि त्या पंपाचा संबंध दाखवून दिला. औषधावर बंधनं आली आणि मृत्यू खाली आले. पुढे 2000 साली कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांताच्या नोंदींतून याची दुसरी बाजू दिसली: वर्षभरात इनहेल्ड स्टेरॉईडचा एकेक डबा जास्त वापरला गेला, तसतसं मृत्यूचं प्रमाण सुमारे 21 टक्क्यांनी घटत गेलं.

एवढं कळूनही जगभरच्या मार्गदर्शक सूचना सौम्य दम्याला अनेक वर्षं ‘लागेल तेव्हा साल्ब्युटामॉल’ एवढंच सांगत राहिल्या. 2019 मध्ये ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा, म्हणजे गीना, या संस्थेने ते बदललं. प्रौढ आणि 12 वर्षांवरच्या मुलांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नका, त्यांना स्टेरॉईड मिळालंच पाहिजे, असं तिने स्पष्ट सांगितलं. या बदलामागे 2018 च्या सिग्मा चाचण्यांचा मोठा वाटा होता. ब्युडेसोनाईड आणि श्वासनळी मोकळी करणारं फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप फक्त त्रास होईल तेव्हा घेणाऱ्यांना, नुसत्या मोकळं करणाऱ्या पंपावर असलेल्यांपेक्षा, तीव्र झटके 64 टक्क्यांनी कमी आले. रोज न चुकता स्टेरॉईड घेणाऱ्यांच्या तुलनेत झटके जवळपास तितकेच राहिले आणि शरीरात गेलेलं स्टेरॉईड पाव हिश्श्याच्या आसपास. लहान मुलांचं काय, हा प्रश्न उरला होता. 2025 मध्ये त्याचं उत्तर न्यूझीलंडमधूनच आलं: 5 ते 15 वर्षांच्या, सौम्य दमा असलेल्या मुलांमध्ये साल्ब्युटामॉलऐवजी हा एकत्रित पंप दिल्यावर झटके सुमारे 45 टक्क्यांनी घटले.

आपल्याकडचं चित्र या पार्श्वभूमीवर पाहिलं की पोटात कालवतं. जागतिक अभ्यासांच्या अंदाजानुसार जगातले सुमारे 13 टक्के दमेकरी भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे 42 टक्के भारतात होतात. ज्या आजाराचं औषध औषधाच्या दुकानात मिळतं, त्याने इतकी माणसं जावीत हे मला कदापि मान्य होत नाही.

आता स्टेरॉईडच्या धास्तीबद्दल. हे जिममधल्या पिळदार दंडांचं स्टेरॉईड नव्हे. आपल्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी रोज तयार करतात त्या कॉर्टिसोलच्या जातीचं हे औषध आहे. त्याचं व्यसन लागत नाही. पंप बंद केल्यावर दम परत येतो तो सूज परतल्यामुळे, सवयीमुळे नाही. ‘मुलाची उंची खुंटेल’ ही आई-वडिलांची काळजी मात्र अगदीच निराधार नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात लहानपणी काही वर्षं रोज ब्युडेसोनाईड घेतलेली मुलं मोठी झाल्यावर इतरांपेक्षा सरासरी 1.2 सेंटिमीटर कमी उंच भरली. एवढा फरक खरा आहे आणि तो लपवू नये. पण उपचारांविना धुमसणारा दमाही वाढ रोखतो, झोप मोडतो, शाळा बुडवतो. जास्त मात्रा दीर्घकाळ लागली तर डोळे आणि हाडं तपासत राहावं लागतं. म्हणून डॉक्टर आजार आवरेल अशी कमीत कमी मात्रा शोधतात. तोंडात पांढरे चट्टे येऊ नयेत म्हणून औषध घेतल्यावर चूळ भरून थुंकायची.

‘पंप घेतो, पण गुण येत नाही’ म्हणणाऱ्यांनी तो डॉक्टरांसमोर एकदा घेऊन दाखवावा. बहुतेकदा दोष औषधात नसतो, घेण्याच्या पद्धतीत असतो. फवाऱ्याचा पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, पंप तोंडाला लावून श्वास सावकाश आत ओढायला सुरुवात करतानाच दाबायचा आणि 10 सेकंद श्वास रोखायचा. कॅप्सूलच्या, म्हणजे कोरड्या पावडरीच्या यंत्राची रीत नेमकी उलटी: श्वास जोरात आणि एका दमात ओढायचा, यंत्रात फुंकायचं मात्र नाही, नाहीतर ओलाव्याने पावडर चिकटते. आणि ती कॅप्सूल गिळायची नसते. गिळणारे आजही भेटतात. मुलांना आणि म्हाताऱ्यांना श्वास आणि फवाऱ्याचा मेळ जमत नाही, त्यांच्यासाठी स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची, फवारा धरून ठेवणारी पोकळ नळी असते. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनच्या बालरोगतज्ज्ञ हेदर झार यांच्या चमूने 1999 मध्ये दाखवलं की, अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या तळाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून त्यात पंप घट्ट बसवला, तर झटका आलेल्या मुलांमध्ये ती बाटली विकतच्या स्पेसरइतकंच काम करते.

दही, केळी, भात बंद करून दमा जात नाही. एखाद्याला एखाद्या पदार्थाची खरी ॲलर्जी असू शकते, पण ती तपासूनच ठरवावी. सरसकट पथ्यात वाढीच्या वयातल्या मुलांचं पोषण तेवढं जातं. मृगाच्या सुमारास हैदराबादला जाऊन जिवंत माशातून घेतल्या जाणाऱ्या औषधाचा गुण कोणत्याही शास्त्रीय चाचणीत सिद्ध झालेला नाही. खेळही बंद करू नये: मॅरेथॉनचा जागतिक विक्रम केलेल्या पॉला रॅडक्लिफ यांना दमा होता. ‘मोठा झाला की जाईल’ हे अर्धसत्य आहे. अगदी लहानपणी घरघर असलेल्या बऱ्याच मुलांची ती सहाव्या वर्षापर्यंत थांबते. पण ती आपोआप जाण्याची वाट पाहत उपचार टाळणं धोक्याचं.

भरपूर औषधं योग्य रीतीने घेऊनही ज्यांचा दमा आवरत नाही, अशा मोजक्या रुग्णांसाठी आता सुजेच्या साखळीतली एखादीच कडी रोखणारी इंजेक्शनं आली आहेत. 2003 मध्ये अमेरिकेत ओमालिझुमॅबला मान्यता मिळाली, त्यानंतर इओसिनोफिलवर काम करणारी औषधं आली. ती महाग आहेत आणि रक्ततपासणी करून निवडक रुग्णांनाच देतात.

शेवटचा गैरसमज ऐन झटक्यातला. छातीतली शिट्टी थांबली की घरच्यांना हायसं वाटतं. पण धाप तशीच असेल, वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील आणि तरीही घरघर ऐकू येत नसेल, तर हवा आत जाईनाशी झाली आहे. अशा वेळी 108 ला फोन करायचा, रुग्णाला बसतं ठेवायचं आणि रुग्णालय गाठेपर्यंत स्पेसरमधून साल्ब्युटामॉल देत राहायचं.