बंब गेला, धुराडं कुठं गेलं?

तांब्याचा बंब पाहिलाय कधी? मधोमध नळी, नळीत विस्तव, भोवती पाणी आणि डोक्यावर धुराडं. आपल्या नांदेड-लातूरकडे त्यात तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या, हाताला लागेल ते घालत. धूर असा व्हायचा, की बंब आपला अंगणातच बरा! डोळे चुरचुरायचे, आजी खोकायची; पण त्या धुरामुळंच सगळे सावध असत.

आता त्याच्या जागी गॅस गिझर आला. नळ फिरवला, की कढत पाणी! धूर दिसत नाही, म्हणून मंडळींनी तो थेट न्हाणीघरात भिंतीवर टांगला. घोटाळा झाला तो इथंच. गिझर हाही बंबच आहे, फक्त त्याचा धूर दिसत नाही.

जरा हिशेब करू. एक किलो गॅस नीट जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. थंडीतलं १५ लिटर पाणी चांगलं गरम करायला अंदाजे ५० ग्रॅम गॅस जळतो. म्हणजे ६०० लिटर हवा. एका बादली पाण्याला चाळीस बादल्या हवा, बरं का! आणि पाच बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच न्हाणीघरात हवा असते जेमतेम ७००० लिटर.

तुमच्यापैकी कितीतरी जण उद्या बारावीसाठी लातूरला, नांदेडला खोली घेऊन राहतील. पहाटे क्लासची घाई, एकामागून एक आंघोळी, वारा लागतो म्हणून खिडकीत कोंबलेला कागद. प्राणवायू कमी पडू लागला, की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूच्या सुमारे दोनशेपट ओढीनं चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, पायातलं बळ जातं. दाराची कडी दोन हातांवर असते, पण उठवत नाही.

‘वास आला असता की!’ असं कुणी म्हणेल. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो. या वायूला वासच नाही.

मग गिझर लावायचा कसा? तो आणि सिलिंडर दोन्ही न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत ठेवायचे. आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणायचा. हे सर्वांत उत्तम. काही छोट्या गिझरना धुराची नळीच नसते. ते आत लावायचेच नाहीत. नळीवाला असेल, तर नळी भिंतीतून थेट बाहेर काढायची, तोंडावर टोपी बसवायची. ते तोंड शेजाऱ्यांच्या खिडकीखाली नको! धूर बाहेर गेला तरी ताजी हवा आत यायला हवी, म्हणून खाली कधीही बंद न होणारी झडपही हवी. नुसत्या एक्झॉस्ट पंख्यावर विसंबू नका. वीज गेली, की तोही गप्प.

ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली, काजळी धरली, तर गिझर बंद करून मिस्त्रीला बोलवा. आत कुणी हाकेला ओ देत नसेल, तर आधी मोठ्यांना हाक मारा. दार उघडून त्याला मोकळ्या हवेत आणायचं, सिलिंडर बंद करायचा आणि १०८ ला फोन लावायचा. तो शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचंच.