मल्टिपल स्क्लेरोसिस आणि वजन घटविण्याचा आहार
मल्टिपल स्क्लेरोसिस या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणाच मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या मायलिन आवरणावर आघात करते. हालचाल मंदावल्याने, तसेच स्टेरॉइडांमुळे रुग्णाचे वजन वाढू शकते. रॉय स्वँक यांच्या अल्पस्निग्ध आहारात संपृक्त मेद दिवसाला १५ ग्रॅमपर्यंतच असे. परंतु त्यांच्या अभ्यासात तुलनेसाठी स्वतंत्र रुग्णगट नव्हता. कोणत्याही आहाराने हा विकार बरा होत असल्याचे सिद्ध झालेले नाही.

पाथर्डी तालुक्यातील तिसगावसारख्या गावी बाजरीची भाकरी, मटकी व पालेभाजी हे नेहमीचेच जेवण, तेल व शेंगदाण्याचा कूट आवरून घेतल्यास, महागड्या पथ्यापेक्षा सोयीचे ठरते. कडक उपवासाने थकवा वाढतो. शिवाय साबुदाण्याची खिचडी वजन उतरवीत नाही. लघवीच्या त्रासामुळे पाणी कमी पिणाऱ्यांना बद्धकोष्ठता जडते. पथ्य सुरू केले म्हणून औषध थांबवू नये.